ऑनलाइन प्रेमाचा स्कॅम आला कुठून

डेटिंग ॲपवर ओळख, महिनोन्महिने रोज गप्पा आणि मग पैशांची मागणी, असं कुणाचं काही कानावर आलं की लोक लगेच म्हणतात, इतकं साधं कसं कळलं नाही. मला हे फार खटकतं, कारण ही युक्ती इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे आणि ती वापरणारे पिढ्यानपिढ्या तरबेज होत आलेत.

१९व्या शतकात युरोप-अमेरिकेत लोकांना पत्रं यायची, की स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत माणूस अडकलाय, त्याला सोडवायला थोडे पैसे पाठवा, नंतर संपत्तीत वाटा मिळेल, आणि बऱ्याच पत्रांत त्याची देखणी तरुण मुलगी पण असायची. पैसे पाठवले की नवीन अडचण, परत पैसे, परत अडचण. लग्नाच्या जाहिरातींचाही असाच वापर झाला. अमेरिकेत इंडियानातली बेल गनेस अशा जाहिराती देऊन पुरुषांना पैशांसकट आपल्या शेतावर बोलवायची, १९०८ मध्ये घर जळाल्यावर आवारात पुरलेली प्रेतं सापडली. तो अगदी टोकाचा प्रकार, पण सुरुवात पत्रातल्या गोड बोलण्यानेच व्हायची.

१९८०च्या दशकात नायजेरियातून अशीच फसवी पत्रं आणि फॅक्स सुरू झाले, तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलमावरून त्याला ४१९ म्हणतात, पुढे ईमेल आला आणि एकाच वेळी हजारोंना गाठणं जवळपास फुकट झालं. १९९५ मध्ये मॅच डॉट कॉम आलं, मग बाकीच्या साइट्स, आणि फसवणाऱ्यांना एकटी माणसं एका जागी मिळाली. परदेशात तैनात सैनिक, समुद्रातल्या तेलविहिरीवरचा इंजिनिअर, ही सोंगं उगाच निवडलेली नाहीत बरं का, भेटता येत नाही, नेटवर्क नाही, खातं गोठलंय, सगळ्याला कारण आयतंच तयार. फोटो खऱ्या माणसांचे चोरलेले असतात म्हणून तोच फोटो सर्च इंजिनमध्ये टाकून तो आणखी कुठे आहे ते शोधणं (रिव्हर्स इमेज सर्च) अजूनही उपयोगी पडतं.

गेल्या दहा वर्षांत खेळ अजून बदललाय. चिनी टोळ्यांनी जो प्रकार रुळवला त्यात ती व्यक्ती पैसे मागतच नाही, फक्त आपण क्रिप्टोत कसे कमावतो ते सांगते, एक ॲप देते, सुरुवातीला थोडा नफा खरंच काढू देते, आणि मोठी रक्कम टाकली की आधी टॅक्स भरा म्हणून अडवते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३च्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना कोंडून अशी ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावलं जात असावं. म्हणजे तिकडून गोड मेसेज टाइप करणारा कधीकधी स्वतःच नोकरीच्या आमिषाने फसलेला असतो, हे वाचल्यापासून मला नुसता रागही धरता येत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, २०२२ मध्ये जवळपास ७०,००० लोकांनी अशा प्रेमाच्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या, नुकसान १.३ अब्ज डॉलर. लाजेने गप्प बसलेले त्यात धरलेलेच नाहीत.

आधी म्हणायचे की व्हिडिओ कॉल करून बघा. २०२४ मध्ये हाँगकाँग पोलिसांनी पकडलेली टोळी डीपफेक म्हणजे एआयने बनवलेले खोटे चेहरे वापरत होती, त्यामुळे ती खात्रीही गेली. प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाने पैशांचा किंवा गुंतवणुकीचा विषय काढला की तिथेच थांबायचं, पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला कळवायचं, मग पोलिसांना, आणि चॅट डिलीट करायचं नाही. त्यानंतर कुणी फी घेऊन बुडालेले पैसे परत आणून देतो म्हणाला तर त्याला पण काही देऊ नका, फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि तो बहुतेक वेळा अशा यादीवरूनच तुमच्यापर्यंत आलेला असतो.