सुकाणूच्या दोन खुंट्यांमधलं अंतर

सुकाणू जितकं जास्त आडवं करावं तितकी होडी झटकन वळते, हा समज फार पक्का आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलेल्या जाणत्या माणसांकडूनही तो ऐकायला मिळतो. प्रत्यक्षात शिडाच्या छोट्या होडीचं सुकाणू पाणी अडवत नाही. ते पाण्याखालचा पंख आहे.

पातं प्रवाहाशी पाच-दहा अंशांचा कोन करतं, तेव्हा त्याच्या एका अंगाला दाब वाढतो, दुसऱ्या अंगाला घटतो आणि पातं आडवं ढकललं जातं. त्याबरोबर होडीचा मागचा भाग बाहेर सरकतो, म्हणून नाक वळतं. सुकाणू फिरवायचा हातातला दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे जाते ती यामुळेच. कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की प्रवाह पात्याचा पाठपृष्ठभाग सोडून देतो, भोवरे उठतात, आडवा जोर घटतो आणि विरोध वाढतो. दांडा कचकन ओढणाऱ्याची होडी वळायच्या आधी मंदावते.

पात्यावरून पाणी वाहत नसेल तर जोर शून्य. वारा पडल्यावर होडी दांड्याला दाद देत नाही, तेव्हा ‘आसरांनी धरली’ असं अजूनही कुणी म्हणतं आणि भिऊन पोहणं-होड्या सोडतं. तिथे धरणारं कुणी नसतं, फक्त प्रवाह थांबलेला असतो. २०१९ च्या महापुरात बचावपथकांच्या मोटारबोटी जागच्या जागी वळताना कोल्हापूरकरांनी पाहिल्या, पण त्यांच्यात अख्खं इंजिनच वळतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. होडीच्या मागच्या फळीवर दोन कड्या असतात, त्यांना गजन म्हणतात. सुकाणूवरच्या दोन खुंट्या, म्हणजे पिंटल, त्यांत बसतात. दाराच्या बिजागऱ्यांसारखीच ही रचना, पण इथे सगळा जोर दोन्ही बिजागऱ्यांच्या खाली, पाण्यात लागतो.

हिशेब करू. पात्याचं क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर आणि वेग सेकंदाला २ मीटर धरा. अर्धा गुणिले पाण्याची घनता १०००, गुणिले वेगाचा वर्ग ४, गुणिले ०.१. पंखाचा गुणांक, म्हणजे पात्याचा आकार आणि कोन यांवर ठरणारा आकडा, १ धरला तर २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोंचा भार. वेग दुप्पट झाला की हाच भार ८० किलो.

हा २० किलोंचा जोर खालच्या कडीच्या ४० सेंटिमीटर खाली लागतो आणि दोन कड्यांमध्ये अंतर २० सेंटिमीटर आहे असं समजा. वरच्या कडीभोवती आघूर्ण, म्हणजे जोर गुणिले अंतर, मांडलं तर खालच्या कडीवर २० गुणिले ६० भागिले २०, म्हणजे ६० किलो येतात! पात्यावर २०, कडीवर ६०. वरच्या कडीवर उलट दिशेने ४० किलो. खालची कडी तिथेच ठेवून वरची आणखी २० सेंटिमीटर वर नेली, तर हेच आकडे ४० आणि २० वर उतरतात. खुंटी जाड करण्याआधी अंतर वाढवा, असा माझा आग्रह त्यासाठीच आहे. शिवाय लाकडात नुसते स्क्रू पिळू नका. आरपार बोल्ट घ्या आणि आतून पट्टी द्या.

खुंटी आणि कडीत प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहिला की पातं थरथरतं आणि भोक अंडाकृती होत जातं. कडीच्या भोकात नायलॉनचा बुश, म्हणजे छोटी नळी, बसवला की हे थांबतं. खालची खुंटी वरचीपेक्षा थोडी लांब ठेवतात, म्हणजे डुलत्या होडीत आधी ती बसवून मग वरची नेमता येते. वर स्प्रिंगची पट्टी हवीच. होडी उलटली की लाकडी सुकाणू तरंगून कड्यांतून निसटतं.

‘स्टेनलेस गंजत नाही’ या जाहिरातीवर विसंबू नका. रंकाळ्याच्या गोड्या पाण्यात ३०४ प्रतीचं स्टेनलेस चालेल, मालवणच्या खाऱ्या पाण्यात क्लोराइड त्याला बारीक खड्डे पाडतं. तिथे मॉलिब्डेनम असलेलं ३१६ घ्यावं.

केंदाळ असलेल्या पाण्यात वर उचललं जाणारं पातं सोयीचं. मात्र ते अर्धवट उचललेलं राहिलं, तर जोराचा बिंदू खुंट्यांच्या रेषेपासून मागे सरकतो आणि दांडा हाताला जड लागू लागतो. अशा वेळी शिडाकडे बोट दाखवण्याआधी पातं खाली ओढणारी दोरी सैल झाली आहे का, ते बघा.