‘घरात कुणालाही सांगू नका’

फोन अनेकदा घर रिकामं झाल्यावर येतो. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, घरात फक्त आई-वडील. आधी रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो, ‘तुमचं सिम दोन तासांत बंद होणार आहे, अधिकाऱ्याशी बोलण्यासाठी नऊ दाबा.’ नऊ दाबलं की एक सभ्य माणूस शांतपणे हिंदीत बोलू लागतो. तुमच्या आधार कार्डावर कुणीतरी दुसरं सिम घेतलंय, मनी लाँडरिंगच्या प्रकरणात तुमचं नाव आलंय. आधार नंबर आणि घरचा पत्ता तो बिनचूक वाचून दाखवतो. मग फोन ‘मुंबई क्राइम ब्रांच’कडे जोडला जातो आणि थोड्याच वेळात त्याचा व्हिडिओ कॉल होतो. पडद्यावर खाकी वर्दी, मागे तिरंगा, मधूनच वॉकीटॉकीची खरखर. अटकेचं वॉरंट पीडीएफमध्ये येतं. त्यावर शिक्का असतो, सही असते, आपलं पूर्ण नाव असतं. आणि मग ज्यावर हा सगळा डोलारा उभा आहे ते वाक्य येतं: घरात कुणालाही सांगू नका, सांगितलंत तर त्यांनाही आरोपी करावं लागेल.

याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. भारतीय कायद्यात असा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम्स यांपैकी कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘पडताळणीसाठी’ कुणाच्या खात्यात पैसे भरायला सांगत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं. तरीही लोक फसत राहिले. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत भारतीयांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले होते, २०२४ मध्ये हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुबाडलं गेलं. त्यांच्या पत्राची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबर २०२५ मध्ये अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

अशी बातमी वाचली की ‘एवढी शिकलेली माणसं फसतात कशी?’ हा प्रश्न हमखास येतो. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो, आणि घातकही. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या एका नामवंत वस्त्रोद्योग समूहाच्या ८२ वर्षांच्या प्रमुखांना व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली गेली. समोर तोतया सरन्यायाधीशही होता. त्यांनी सात कोटी रुपये भरले. आयुष्यभर मोठमोठे व्यवहार केलेल्या माणसाची ही गत होत असेल, तर दोष अडाणीपणात शोधून काय उपयोग?

कपाळाच्या मागे मेंदूचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स नावाचा भाग असतो. चार गोष्टी एका वेळी ध्यानात ठेवणं, त्यांतली विसंगती पकडणं, ‘थांब जरा’ असं स्वतःला बजावणं ही त्याची कामं. येल विद्यापीठातल्या मेंदूशास्त्रज्ञ एमी अर्न्स्टन यांनी अनेक वर्षं या भागाचा अभ्यास केला आहे. आपल्या हाताबाहेरचा तीव्र ताण आला की मेंदूत नॉरअॅड्रेनॅलिन आणि डोपामिन या रसायनांचं प्रमाण बेसुमार वाढतं आणि या भागातल्या चेतापेशींमधल्या जोडण्या काही काळ ढिल्या पडतात. सूत्रं भीती आणि सवय सांभाळणाऱ्या भागांकडे जातात. समोर वाघ असेल तर हे फायद्याचंच, कारण तिथे विचार करत बसायला वेळ नसतो. व्हिडिओ कॉलवर मात्र नेमका प्रश्न विचारणारा मेंदूच मागे पडतो. बुद्धी जात नाही, ती त्या वेळेपुरती हाताशी येत नाही.

गुन्हेगारांनी हे शास्त्र वाचलेलं नसेल, पण त्यांची पद्धत त्यावर चपखल बसते. कॅमेरा बंद करायचा नाही. झोपतानाही फोन उशाशी चालू ठेवायचा. दर थोड्या वेळाने हजेरी द्यायची. ताण ओसरला की माणूस विचार करू लागेल, म्हणून तो ओसरू द्यायचा नाही. आणि ज्याच्या मेंदूवर हा ताण नाही, अशा दुसऱ्या कुणाशी बोलणं होता कामा नये. बायको, मुलगी, शेजारचे काका, कुणीही दोन मिनिटांत म्हणेल, ‘अहो, ठेवा तो फोन!’ मौनाची अट घातली जाते ती यासाठी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या एका बँक शाखेत एक ज्येष्ठ ग्राहक मुदत ठेव मोडायला आले. रक्कम होती तेरा लाख. कारण विचारल्यावर त्यांनी, फोनवरच्या भामट्यांनी पढवल्याप्रमाणे, मालमत्ता खरेदीचं सांगितलं. कर्मचाऱ्यांना संशय आला. घरच्या कुणाला तरी सोबत आणा, मग पाहू, असं त्यांनी सांगितलं आणि पैसे वाचले. इथे कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही.

तंत्रज्ञान लागतं ते फोन खरा वाटण्यासाठी. पडद्यावर +९१ ने सुरू होणारा नंबर दिसला म्हणजे फोन भारतातूनच आला, असं आपण धरून चालतो. पण टेलिफोन जाळ्याची मूळ रचना विश्वासावर उभी आहे. फोन करणाऱ्याचं जाळं जो नंबर कळवतं, तो पुढची जाळी बहुतांशी तसाच दाखवतात. इंटरनेटवरून केलेल्या फोनमध्ये तो हवा तसा लिहिता येतो. दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशातून येणारे असे बनावट नंबरांचे फोन अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १.३५ कोटी फोन अडवले गेले. मग गुन्हेगारांनी सिम बॉक्सवर भर दिला. या पेटीत शेकडो खरी भारतीय सिमकार्डं असतात. परदेशातून इंटरनेटवरून आलेला फोन ती स्थानिक करून पुढे पाठवते. बोलणारा बऱ्याचदा कंबोडिया, म्यानमार किंवा लाओसमधल्या बंदिस्त वसाहतीत असतो, आणि त्यांतले काही जण स्वतःच नोकरीच्या आमिषाने तिथे नेऊन डांबलेले असतात. मार्च २०२५ मध्ये भारताने म्यानमार-थायलंड सीमेवरून अशा ५४९ भारतीयांना विमानाने परत आणलं.

दुसरा मोठा धोका एपीके फाइलचा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहतूक चलान किंवा पीएम किसानची यादी म्हणून फाइल येते आणि नावाच्या शेवटी ‘.एपीके’ असतं. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ, ती कधीच एपीके नसते. एपीके म्हणजे ॲप. ते बसवताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. आपण ‘हो’ म्हटलं की बँकेचे ओटीपी आपल्या आधी दुसऱ्याच्या हाती पडतात. त्यामुळे ‘मी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता’ असं म्हणणारा माणूस खरं बोलत असतो. अनेकदा अशी फाइल ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. आई-बाबांच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘अनोळखी ॲप बसवणे’ ही परवानगी ब्राउझर आणि व्हॉट्सॲप दोन्हींसाठी बंद करून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

कॉलेजला जाणाऱ्या मुलांशीही बोलायला हवं, आणि हे फार कमी घरांत होतं. लुटलेले पैसे गुन्हेगार स्वतःच्या खात्यात घेत नाहीत. ते भाड्याच्या खात्यांतून फिरवतात. त्यांना म्यूल खाती म्हणतात. ‘तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, दहा हजार देतो’ अशी ऑफर हॉस्टेलवर, टेलिग्रामवर येते. पैसे मिळतात, खातं गोठतं आणि मग दुसऱ्या राज्यातले पोलीस दारात येतात. ‘मला माहीत नव्हतं’ या उत्तराने सुटका होईलच असं नाही. मुलगा शिकायला बाहेरगावी जाताना आपण त्याला जेवणाखाण्याच्या सूचना देतो, तेव्हाच हेही बजावावं: आपलं खातं, आपलं सिम कुणालाही वापरायला द्यायचं नाही.

आता मुलाचा हुबेहूब आवाज काढून ‘बाबा, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा’ असे फोनही येतात. आवाजाची नक्कल करायला सोशल मीडियावरची छोटी क्लिपसुद्धा पुरते. म्हणून घरच्यांनी मिळून एक खूणशब्द ठरवावा. गावाकडच्या म्हशीचं नाव, आजीचं लाडकं संबोधन, काहीही, फक्त ते फेसबुकवर कुठे नसावं. पैशांची घाई दिसली की शब्द विचारायचा, नाहीतर फोन ठेवून नेहमीच्या नंबरवर स्वतः लावायचा.

आई-वडिलांशी हे बोलताना सूर मात्र जपायला हवा. ‘तुम्हाला मोबाइलमधलं काही कळत नाही’ असं एकदा म्हटलं, की पुढचा धमकीचा फोन ते आपल्यापासून लपवणार. ‘असा फोन आला तर मला मीटिंगमध्येही उठवा, मी रागावणार नाही’ हे वाक्य त्यांच्या कानावर आधीच, दोन-चारदा पडलेलं असू द्या.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. पोलीस आणि बँका या यंत्रणेत एकत्र जोडलेल्या आहेत. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे, आणि पुढे जिथे वळले तिथे, रक्कम रोखून धरता येते. चोर ती काही मिनिटांत अनेक खात्यांत फोडतात, मग एटीएममधून काढतात किंवा क्रिप्टोत बदलतात. शर्यत या मिनिटांशी असते. लुधियानाच्या प्रकरणात पाच कोटींहून अधिक रक्कम परत मिळाली. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) हाताशी ठेवा, चॅट डिलीट करू नका, आणि रडणाऱ्या माणसाला जाब विचारणं पुढे ढकला. स्वतःच्या बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा.

काही आठवड्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो. समोरचा स्वतःला वकील किंवा सायबर सेलचा अधिकारी म्हणवतो. गेलेले पैसे सापडलेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा, असं सांगतो. फसलेल्यांचे नंबर या टोळ्या एकमेकांना विकतात, त्यामुळे आपली गेलेली रक्कमही त्याला ठाऊक असते. रोखून धरलेले पैसे थेट आपल्या बँक खात्यात जमा होतात. त्यासाठी फोनवरून कुणीही फी मागत नाही.