दुपारचं युनिट, रात्रीचं युनिट

साताऱ्यातल्या आमच्या घरावर 3 किलोवॉटचं सोलर बसलं, त्या आठवड्यात मी मीटरच्या पेटीसमोर बराच वेळ उभा असायचो. आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा नवा नेट मीटर यायचा होता. काम करणाऱ्या माणसाने "तोवर चालू राहू दे" म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरच्या विजेसारखी करणारं यंत्र, चालूच ठेवला होता. भर दुपारी घरात फ्रिज आणि दोन पंखे एवढंच चालू होतं, तरी जुन्या मीटरवरचा लाल दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकत होता. त्या मीटरवर छापलेलं होतं की 3200 लुकलुकी म्हणजे 1 युनिट. हिशोब केला तर तासाला दोन युनिटं! सोलरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडून पाहिला. दिवा शांत झाला, पाच-सहा सेकंदांनी एकदा लुकलुकायला लागला. म्हणजे आम्ही जी वीज बाहेर पाठवत होतो, तीच मीटर आमच्या नावावर वापर म्हणून चढवत होता. महिन्याचं बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढून आलं.

मीटर बिघडलेला नव्हता. मीटर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा व्होल्टेज आणि करंट मोजतो आणि त्यांचा गुणाकार करतो. वीज घरात येत असेल तर उत्तर अधिक येतं, बाहेर जात असेल तर वजा. पूर्वीच्या चकतीच्या मीटरमध्ये वायरी उलट जोडल्या की चकती मागे फिरायची आणि वीजचोरीला वाट मिळायची. म्हणून पुढे आलेले बरेचसे इलेक्ट्रॉनिक मीटर असे बनवले गेले की ते वजा चिन्ह सोडून देतात आणि आकडा नेहमी पुढेच नेतात. नेट मीटर ते चिन्ह जपतो. आत आलेल्या युनिटांचा एक आकडा, बाहेर गेलेल्यांचा दुसरा. दोन्ही आकडे स्क्रीनवर आलटून पालटून दिसतात आणि बिलात त्यांची वजाबाकी होते. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की नेट मीटर बसेपर्यंत सोलरचा एमसीबी खाली ठेवा. पॅनल उन्हात रिकामे पडलेले पाहून जीव हळहळतो, पण तेच स्वस्त पडतं.

गंमत अशी की नेट मीटरिंगची ही सगळी कल्पना त्या उलट्या फिरणाऱ्या चकतीतूनच जन्मली. अमेरिकेत 1979 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीव्हन स्ट्राँग नावाच्या वास्तुविशारदाने इमारतीवर सोलर लावलं, तेव्हा जादा वीज बाहेर जाताना मीटर आपोआप मागे फिरत होता. 1983 साली मिनेसोटा राज्याने त्याला कायद्याचं रूप दिलं. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे नेट मीटरिंगचे नियम 2015 साली आले आणि 2019 मध्ये ते नव्याने लिहिले गेले.

आता हिशोब. समजा महिन्यात 210 युनिटं आत आली आणि 240 बाहेर गेली. वरची 30 पुढच्या महिन्यात जमा. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, त्यामुळे 'शून्य बिल' या शब्दावर फार विसंबू नका. जमा युनिटांचा हा प्रवास 31 मार्चला थांबतो. त्या दिवशी उरलेली युनिटं वीज कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते आणि 1 एप्रिलला पाटी कोरी. मला हा नियम मनापासून खटकतो. हिवाळ्यात आकाश स्वच्छ, पंखे बंद, म्हणून शिल्लक साठते. ती खरी लागते एप्रिल-मे महिन्यांत, एसी आणि कूलर चालू झाल्यावर. नेमकं त्याच्या उंबरठ्यावर खातं बंद होतं. घरगुती ग्राहकासाठी ही तारीख पावसाळ्यानंतरची, सप्टेंबर अखेरची असायला हवी. पावसाळ्यात पॅनलचं उत्पादन असंही पडतं, शिल्लक तोवर वापरून झालेली असते.

वीज कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. आपण म्हणतो, "वीज ग्रिडमध्ये, म्हणजे कंपनीच्या तारांच्या जाळ्यात, ठेवली आणि रात्री परत घेतली." ग्रिडमध्ये काही ठेवलं जात नाही. दुपारी माझ्या गच्चीवरून निघालेली वीज त्याच क्षणी शेजारच्या इस्त्रीत, समोरच्या पिठाच्या गिरणीत खर्च होते. रात्री आठला माझ्या घरात दिवा लागतो तो चंद्रपूरच्या कोळशावर किंवा आमच्याच जिल्ह्यातल्या कोयनेच्या पाण्यावर. संध्याकाळी मागणी चढते तेव्हा कोयनेचे संच भराभर चालू करतात, कारण पाण्याची टर्बाइनं काही मिनिटांत जोर धरतात. दुपारचं युनिट मुबलक, रात्रीचं दुर्मीळ, आणि नेट मीटरिंग दोन्हींना एकच किंमत देतं. कॅलिफोर्नियात दुपारी सोलरचा पूर यायला लागल्यावर हे गणित फिसकटलं. तिथे 15 एप्रिल 2023 पासून अर्ज करणाऱ्यांना बाहेर पाठवलेल्या विजेचा दर त्या-त्या तासाच्या गरजेनुसार मिळतो. भर दुपारी तो फार कमी असतो, म्हणून तिथली माणसं आता सोलरबरोबर बॅटरीही घेतात.

आपल्याकडे बॅटरी घ्यावी का? बिल वाचवायला म्हणाल तर आज नाही. युनिटाला युनिट मिळतंय तोवर ग्रिड आपल्याला दहाची दहा परत देतं. बॅटरीत दहा घातली की साधारण नऊ हाती येतात, आणि बॅटरीची किंमत वेगळी. तिचा खरा उपयोग वीज गेल्यावर. साध्या सोलरवाल्याला याचा धक्का बसतो: लखलखीत ऊन आहे, पॅनल आहेत, आणि घर अंधारात! साधा ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट ग्रिडला जोडलेला, इन्व्हर्टर ग्रिडच्या 50 हर्ट्झच्या तालावर चालतो. तो ताल तुटला की दोन सेकंदांच्या आत त्याने बंद व्हायलाच हवं, असा दंडक आहे. कारण खांबावर वायरमन चढलेला असतो. त्याने लाइन बंद केलेली असते आणि आपल्या गच्चीवरून त्याच तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. हायब्रिड इन्व्हर्टर घराचा ठरावीक भाग, समजा दिवे, पंखे आणि फ्रिज, ग्रिडपासून पूर्ण तोडतो आणि मग बॅटरीवर चालवतो. पॅनल बसवतानाच हे ठरवा, नंतर इन्व्हर्टर बदलणं महागात जातं.

कागदपत्रांचा जाच पूर्वीपेक्षा कमी झालाय. फेब्रुवारी 2024 च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर 10 किलोवॉटपर्यंतच्या घरगुती सोलरला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीसाठी ताटकळावं लागत नाही. पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, असं जास्तीत जास्त 78,000 रुपयांचं अनुदान आहे. अर्जाआधी बिलावरचा 'मंजूर भार', म्हणजे कंपनीने घराला मंजूर केलेली किलोवॉटची मर्यादा, मात्र बघून घ्या.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा किंचित जास्त व्होल्टेज धरावं लागतं. तार लांब आणि बारीक असेल, आळीत पाच-सहा सोलर असतील, तर सुट्टीच्या दुपारी व्होल्टेज 230 वरून चढत 253 च्या पुढे जातं आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. पॅनल खराब आहेत असं वाटतं, पण दोष तारेत असतो. आमच्याकडे हे दोनदा झालं. मी इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधले व्होल्टेजचे आकडे वेळेसकट वहीत उतरवले आणि वीज कंपनीकडच्या तक्रार अर्जाला जोडले. ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे त्याचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी, बदलल्यावर दुपारचं व्होल्टेज 240 च्या आसपास आलं. शिवाय पाण्याची मोटर आणि वॉशिंग मशीन आता आम्ही बारा ते दोनच्या मध्ये लावतो. तेवढी वीज बाहेर जातच नाही.