दुसऱ्या भागात लांडग्याचे नियम का बदलतात

रूप पालटणाऱ्या माणसांच्या कथामालेचा दुसरा भाग आला की वाचकांची तक्रार बहुतेक वेळा एकाच जागी येऊन अडते: "पहिल्या भागात असं नव्हतं." पहिल्या पुस्तकात नायिका लांडगा होताना वेदनेने कळवळली होती, कपडे फाटले होते, परत माणूस झाल्यावर अंगावर काहीच नाही म्हणून तिची पंचाईत झाली होती. दुसऱ्यात ती धावता धावता रूप पालटते आणि पुढच्याच पानावर खिशातून फोन काढते. खिसा आला कुठून? असं विचारणाऱ्याला बाकीचे किरकिरा ठरवून मोकळे होतात. मला मात्र तो वाचक मनापासून आवडतो, कारण त्याने विचारलेला प्रश्न या कथांइतकाच जुना आहे.

पहिल्या शतकातल्या पेट्रोनियस या रोमन लेखकाच्या 'सॅटिरिकॉन'मध्ये मेजवानीला बसलेला एक जण स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगतो. रात्री तो एका सैनिकाबरोबर निघालेला असतो, चांदणं भर दुपारसारखं पडलेलं असतं. वाटेत थडगी लागतात. सैनिक थांबतो, अंगावरचे सगळे कपडे उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवतो, त्यांच्याभोवती लघवीचं रिंगण घालतो आणि लांडगा होऊन रानात पळतो. सांगणारा कपडे उचलायला जातो, तर त्यांचे दगड झालेले. घाबरत घाबरत तो आपल्या प्रेयसीच्या मळ्यावर पोचतो. ती म्हणते, जरा आधी आला असतास तर मदत झाली असती. लांडगा मेंढ्यांत शिरला होता, पण आमच्या गड्याने त्याच्या मानेत भाला घातला. उजाडल्यावर हा घरी परततो, तर सैनिक बिछान्यावर आडवा आणि वैद्य त्याच्या मानेवर उपचार करतोय.

या एका गोष्टीत दोन नियम येऊन गेले. कपडे सांभाळले नाहीत तर परतीची वाट बंद, आणि जनावराच्या अंगावर झालेली जखम माणसाच्या अंगावर उमटते. आपल्याकडे नलोपाख्यानात कर्कोटक नाग दंश करून नळाचं रूप बिघडवतो आणि त्याच वेळी त्याला वस्त्रांची जोडी देतो: ही नेसलीस की मूळ रूप परत मिळेल. परतीची किल्ली इथेही कापडातच आहे. दुसऱ्या नियमाचा भाऊबंद रामायणात सापडतो. कामरूपी मारीच सोन्याचं हरीण होऊन भुलवतो, पण बाण लागल्यावर त्याला ते सोंग टिकवता येत नाही. मरताना त्याचा खरा देह उघडा पडतो.

बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने कपड्यांची ही गोष्ट फार हळुवारपणे सांगितली. तिच्या 'बिस्क्लाव्रे' या काव्यातला सरदार आठवड्यातले तीन दिवस लांडगा होऊन रानात असतो आणि कपडे एका पोकळ दगडात लपवून ठेवतो. बायको ते चोरवते आणि तो लांडगाच राहतो. पुढे राजा त्याला आश्रय देतो, खरा प्रकार उघडकीला येतो, कपडे आणून त्याच्यापुढे ठेवले जातात, तर तो त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तेव्हा दरबारातला एक जाणता माणूस राजाला सांगतो, महाराज, तो लाजतोय, त्याला खोलीत एकटं सोडा. दार लोटून घेतात. थोड्या वेळाने आत जाऊन बघतात, तर राजाच्या पलंगावर सरदार झोपलेला. रूप पालटण्याचा तो क्षण कवयित्रीने कुणालाच दाखवला नाही. आजच्या पुस्तकांत हाडांचा कडकड आवाज तीन तीन पानं चालतो, तरी त्या बंद दाराची सर त्याला क्वचितच येते असं माझं मत आहे.

त्यानंतरचा काळ कथांचा कमी आणि खटल्यांचा जास्त. १५८९ मध्ये जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्ग इथे पीटर श्टुम्प नावाच्या माणसाला लांडगा होऊन खून केल्याच्या आरोपावरून हालहाल करून मारलं. सैतानाने दिलेल्या पट्ट्यामुळे आपण लांडगा होतो, असा कबुलीजबाब त्याच्याकडून छळ करून घेतलेला होता. इथे जादूची वस्तू अंगावर चढवून माणूस जनावर होतो. अर्बन फँटसीत, म्हणजे आजच्या शहरात जादू घडते अशा कथांत, मंतरलेले पट्टे दिसले की हा खटला आठवतो.

आता येऊ दुसऱ्या भागाकडे, कारण "नियम बदलला" ही तक्रार जिथे अक्षरशः एका ओळीवर बोट ठेवून दाखवता येते ती जागा पडद्यावरची आहे. १९४१ साली युनिव्हर्सलचा 'द वुल्फ मॅन' आला. कथा कर्ट सिओडमाक यांची. ते ज्यू होते आणि नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले होते. त्यांच्या कथेत लांडगामाणसाला पुढच्या बळीच्या तळहातावर तारा दिसतो, हे लक्षात ठेवून तो चित्रपट पाहिला तर अंगावर काटा येतो. त्यातलं वृकमानवाविषयीचं पद्य जुनी लोककविता म्हणून आजही फिरतं. प्रत्यक्षात ते सिओडमाक यांनीच रचलेलं आहे. त्यात माणूस लांडगा कधी होतो? वुल्फबेन ही विषारी वनस्पती फुलते आणि शरदातला चंद्र तेजाळतो तेव्हा. पौर्णिमेचा उल्लेख नाही. १९४३ साली पुढचा चित्रपट आला, पटकथा पुन्हा सिओडमाक यांचीच, आणि त्या पद्यात 'शरदातला चंद्र' जाऊन 'पूर्ण चंद्र' आला. पौर्णिमा १९३५ च्या 'वेअरवुल्फ ऑफ लंडन'मध्ये येऊन गेली होती, पण लोकांच्या मनात तिने घर केलं ते या बदललेल्या ओळीमुळे.

गंमत एवढ्यावर संपत नाही. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी नायक चांदीच्या मुठीच्या काठीचे घाव बसून मरतो. दुसऱ्याच्या सुरुवातीला चोर त्याची शवपेटी उघडतात, प्रेतावर घातलेलं वुल्फबेन बाजूला सारतात, खिडकीतून पौर्णिमेचा उजेड पडतो आणि मेलेल्याचा हात चोराचा हात धरतो. म्हणजे चांदीने आलेलं मरण कायमचं नव्हतं. हा नियम दुसरा भाग काढायचा म्हणून वाकवला, हे उघड आहे. पण प्रसंग इतका जिवंत आहे की प्रेक्षकाने तो कबूल केला. नियम मोडला म्हणून वाचक रागावत नाही, मोडून हाती काही लागलं नाही म्हणून रागावतो, असं मी इतक्या वर्षांच्या वाचनावरून म्हणेन.

अशा चुका पकडण्याची वाचकांची सवय तर त्याहून जुनी. सर्व्हान्तेसच्या 'डॉन किखोते'च्या १६०५ सालच्या पहिल्या भागात सांचोचं गाढव चोरीला जातं आणि ते परत मिळाल्याचं सांगायच्या आधीच सांचो त्यावर बसलेला दिसतो. लोकांनी ती चूक धरली. १६१५ च्या दुसऱ्या भागात पुस्तकातली पात्रंच बसून या चुकीची चर्चा करतात, आणि त्यातल्याच एकाच्या तोंडी येतं की दुसरे भाग कधी चांगले नसतात. हे वाक्य ज्या दुसऱ्या भागात आहे तो कित्येकांना पहिल्याहून सरस वाटतो, आणि मीही त्यांच्यातलाच एक.

लांडगा रानातून शहरात आला तो १९८० च्या दशकात. एमा बुल यांच्या १९८७ च्या 'वॉर फॉर द ओक्स'मध्ये मिनीयापोलिसच्या रस्त्यांवर काळ्या कुत्र्याचं रूप घेणारा फूका, म्हणजे आयरिश लोककथांतला रूप पालटणारा जीव, नायिकेच्या मागे लागतो. त्याच्या रूप पालटण्यात रोग नाही, शाप नाही; तो जन्मतःच तसा आहे. १९९३ मध्ये लॉरेल के. हॅमिल्टन यांची अनिता ब्लेक मालिका सुरू झाली आणि पुढच्या पुस्तकांतून लांडग्यांचं टोळीजीवन सविस्तर आलं: पॅक, त्यातली चढती उतरंड, वरच्या जागेसाठी मारामाऱ्या. इथून पुढे या प्रकारात एक शब्द घट्ट बसला, अल्फा, म्हणजे कळपातला सगळ्यांवर वरचढ पुढारी.

या शब्दाची पार्श्वभूमी वाचकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. एका आवारात कोंडलेल्या त्या लांडग्यांत वरचढपणासाठी सतत झटापटी होत. लांडग्यांचे अभ्यासक एल. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना सर्वदूर नेली. पुढे मेक यांनी एल्समेअर बेटावरचे मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ च्या निबंधात आपलंच जुनं चित्र दुरुस्त केलं: रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. पुढारी लढून पुढारी झालेला नसतो, तो बाप असतो म्हणून पुढे असतो. आपलं गाजलेलं पुस्तक छापणं थांबवा अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकाला केली. तोवर कथाकारांनी कोंडलेल्या लांडग्यांवरून सगळा समाज रचून टाकला होता. आज दुसऱ्या भागात अल्फाची दादागिरी प्रेम म्हणून खपवली की वाचक चिडतात, त्यात बाईवर हक्क गाजवण्याचा राग असतो तसाच हा खोटा लांडगाही असतो. काही जण उलट म्हणतात, ही माणसं आहेत, पुरते लांडगे नव्हेत. अर्धवट माणसांचा कळप कोंडलेल्या लांडग्यांसारखाच वागेल. हा युक्तिवाद मला पटतो, पण लेखकाने तो पुस्तकात मांडलेला हवा.

२००० नंतर मालिकांचं पीक आलं आणि दुसऱ्या भागाची कसोटी ठरून गेली. केली आर्मस्ट्राँग यांच्या 'बिटन' या २००१ च्या पुस्तकात एलेना ही एकुलती एक मादी वेअरवुल्फ आणि तिचा छोटा, बंदिस्त कळप होता. २००२ च्या 'स्टोलन'मध्ये चेटकिणी, राक्षसी रक्ताचे लोक, व्हॅम्पायर असं सगळं जग एकदम उघडलं. कुणाला दार उघडल्याचा आनंद झाला, कुणाला घर हरवल्यासारखं वाटलं. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांनी २००६ च्या 'मून कॉल्ड'मध्ये शहाणपणा केला तो असा: गाड्या दुरुस्त करणारी त्यांची नायिका मर्सी क्षणात, वेदनेशिवाय कायोटी, म्हणजे लांडग्याचा लहानखुरा अमेरिकी भाऊबंद, होते, आणि तिच्याच शेजारच्या वेअरवुल्फना मात्र वेळ लागतो आणि यातना होतात. दोन वेगळे नियम पहिल्याच पुस्तकात शेजारी शेजारी मांडल्यामुळे पुढे तिसरा प्रकार आला तरी वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही.

याच्या उलट उदाहरण स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' मालिकेचं. दुसऱ्या भागात, २००६ च्या 'न्यू मून'मध्ये, नायिकेचा मित्र जेकब लांडगा होतो आणि वेअरवुल्फ हा शब्द सर्रास येतो. २००८ मधल्या चौथ्या भागाच्या अखेरीस कळतं की हे खरे वेअरवुल्फ नव्हेतच, केवळ रूप पालटणारे आहेत. या मालिकेवरचा अधिक गंभीर आक्षेप मात्र नियमांचा नाही. जेकबचे क्विल्यूट लोक वॉशिंग्टन राज्यातल्या ला पुश इथे खरोखर राहतात. त्यांच्या उत्पत्तिकथेत रूप पालटवणाऱ्या देवतेने लांडग्यांची माणसं केली. कादंबरीने ती कथा उलटी केली, आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या मोठ्या धंद्यात त्या लोकांना वाटा किती मिळाला हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. तेव्हापासून एखाद्या जमातीच्या श्रद्धेतला प्राणी उचललेला दिसला की जाणते वाचक आधी तेच तपासतात, आणि ते योग्यच आहे.

दुसऱ्या भागाला मिळणाऱ्या गुणांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ज्यांना पहिला भाग आवडला नाही ते दुसऱ्याकडे वळतच नाहीत. राहतात ते आधीपासूनचे चाहते, म्हणून सरासरी मत बऱ्याचदा पहिल्यापेक्षा चांगलं दिसतं. त्यामुळे सरासरी बाजूला ठेवून मी रागावलेल्या चाहत्याचं मत आधी वाचतो. तो पुस्तकावर जीव लावून बसलेला असतो आणि नेमकं कुठे दुखलं ते सांगतो.

शेवटी जिम बुचर यांच्या 'फूल मून'विषयी, आणि ज्यांना ते वाचायचंय त्यांनी इथेच थांबावं. शिकागोतल्या जादूगाराच्या मालिकेतला हा २००१ चा दुसरा भाग. मालिका वाचायला घेणाऱ्याला चाहते हमखास सांगतात की पहिले दोन भाग नेटाने ओलांड, पुढे रंगेल. तक्रार अशी की लेखकाने वेअरवुल्फचे चार प्रकार करून त्यांचा जणू वर्गपाठ घेतलाय: स्वतःच्या जादूने रूप पालटणारे, मंतरलेल्या पट्ट्याने पालटणारे, देहाने माणूसच राहून मनाने पशू होणारे, आणि शापाने पौर्णिमेला राक्षसी होणारा लू-गारू. तक्रार मला मान्य आहे, तो वर्गपाठ लांबतो. पण त्या पुस्तकात टेरा वेस्ट नावाची एक बाई आहे. तिला अंगावर कपडे असले काय नि नसले काय, फरक पडत नाही. माणसांच्या रीतीभाती ती परक्या भाषेसारख्या वापरते. आपण तिला विक्षिप्त समजून पुढे वाचत राहतो. अखेरीस उलगडतं की टेरा लांडगा होणारी बाई नाही, ती बाई होणारी लांडगी आहे, आणि निरोप घेते तेव्हा ती परत आपल्या लोकांत जाते, म्हणजे रानात.