शिकाऱ्याच्या टेबलावर आलेली लष्कराची दारू

अमेरिकेत शिकारीच्या हंगामाआधी आपली काडतुसे आपणच भरणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. झाडलेली पितळी पुंगळी फेकायची नाही. ती स्वच्छ करून पुन्हा मापात दाबायची, नवा प्रायमर (ठिणगी देणारी बुडाची टोपी) बसवायचा, बंदुकीची दारू तोलून ओतायची आणि वर गोळी बसवायची. या कामासाठी दुकानात गेले की फळीवर दारूचे डबे ओळीने दिसतात, प्रत्येकावर प्रकाराचा आकडा: ३०३१, ४०६४, ४८९५, ४३५०, ४८३१. नवख्याला वाटते, अमुक काडतुसासाठी तमुक दारू असे ठरवूनच कोणीतरी ही मांडणी केली असणार. प्रत्यक्षात फळीवरचा बराचसा माल मुळात लष्करासाठी किंवा लष्करी दारूच्या धर्तीवर तयार झाला आणि शिकारी त्यातून आपल्या कामाचे निवडत गेला. हा इतिहास माहीत असला की एकच आकडा असलेले दोन डबे एकमेकांच्या जागी का चालत नाहीत, तेही कळते.

काळ्या दारूच्या काळात निवडीचा प्रश्न फारसा नव्हता. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण सगळीकडे जवळपास सारखेच असे; फरक असायचा तो दाण्याच्या जाडी-बारकीचा. जाड दाणा सावकाश जळे, बारीक दाणा झटपट. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांत दारू अजूनही मापानेच पडते. अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरचा शिकारीही तेच करायचा. १८७३ सालच्या .४५-७० या काडतुसाच्या नावातच हिशेब आहे: .४५ इंच व्यासाची गोळी आणि ७० ग्रेन (ग्रेन हे वजनाचे बारीक माप) काळी दारू. १८७० च्या दशकात रानरेड्यांच्या मागे हिंडणारे शिकारी मुक्कामावर बसून पुंगळ्या भरत. दारू चिमूटभर कमी-जास्त झाली तरी नेम बिघडे, पण सहसा बंदूक फुटत नसे. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन येथे ‘आयडियल’ ही कंपनी सुरू केली आणि पकडीसारखी हाताने चालवायची अवजारे विकायला काढली. पुंगळी भरायचे काम त्यामुळे घराघरांत पोचले.

नेमके त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू सिद्ध केली. तिचा पाया होता नायट्रोसेल्युलोज. १८८६ साली फ्रेंच लष्कराने तिच्यासाठी लेबेल रायफल स्वीकारली आणि युरोपातल्या सगळ्या सैन्यांची झोप उडाली. धूर नाही, नळीत काजळीचा थर नाही, आणि तेवढ्याच वजनात काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त जोर. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी बॅलिस्टाइट ही आपली बिनधुराची दारू काढली. १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्युअर यांनी कॉर्डाइट ही तशीच दारू काढली, आणि त्यावरून नोबेल यांच्याशी कोर्टकचेरीही झाली.

कॉर्डाइटचा हिंदुस्थानशी थेट संबंध आहे. ही दारू दाणेदार नव्हती. शेवयांसारख्या लांब काड्यांच्या रूपात असायची. कारखान्यात काड्यांची जुडी पुंगळीत सोडत आणि मगच पुंगळीची मान आवळत. त्यामुळे ते काडतूस घरी भरणे जवळजवळ अशक्यच होते. शिवाय कॉर्डाइट तापमानाला हळवे. विलायतेच्या थंडीत नीट चालणारे काडतूस मध्य प्रांताच्या उन्हात तापले की दाब चढे आणि झाडलेली पुंगळी नळीच्या मागच्या घरात चिकटून बसे. समोर जखमी वाघ असताना दुसरा बार न निघणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. म्हणून १९११ च्या .४१६ रिग्बी या काडतुसाची पुंगळी ऐसपैस ठेवली: जागा जास्त, दाब कमी. १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडची पुंगळी निमुळती केली, म्हणजे ती घरातून सहज सुटेल. आज या आकारांचे कौतुक होते, पण त्यांच्यामागे उष्ण प्रदेशातल्या उन्हाची धास्ती आहे.

कॉर्डाइट इथेच तयार व्हावे म्हणून निलगिरीत अरुवनकाडूला कारखाना उभा राहिला; तो १९०४ मध्ये सुरू झाला. खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ चा. एवढे असूनही घरी काडतूस भरण्याची परंपरा आपल्याकडे रुजली नाही, कारण दारू आणि परवाना दोन्ही सरकारच्या मुठीत होते. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद केली, आणि ते योग्यच झाले. या विषयाची खरी कथा त्यामुळे अमेरिकेतच घडते.

तिथे बिनधुराची दारू आली ती गोंधळ घेऊनच. .३०-३० हे अमेरिकेतले बिनधुराच्या दारूचे पहिले शिकारी काडतूस १८९५ मध्ये बाजारात आले. त्याच्याही नावात जुन्या सवयीने ३० ग्रेन दारू आली. पण ही दारू मापाने भरायची की तोलून? उत्पादकांनी दोन वाटा काढल्या. एक दारू फुगीर: काळ्या दारूचे जुने माप भरून घातली तरी चाले. दुसरी दाट: तेच माप भरून घातले तर बंदूक हातात फुटे. दोन्ही डबे दुकानात शेजारी-शेजारी. ज्याने आयुष्यभर डावाने दारू घातली, त्याने एके दिवशी दाट दारूचा डबा उघडला आणि हात गमावला, असे घडत राहिले. फुगीर दारू हळूहळू मागे पडली आणि टेबलावर डावाच्या जागी तराजू आला. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. आजचा काळजीवाला माणूस त्या ग्रेनचाही दहावा भाग तोलतो.

दारूंची संख्या का वाढली, हे समजायला पुंगळीचा आकार पाहावा. .४५-७० ची नळी रुंद आणि पुंगळी सरळ. गोळी सरकली की मागची जागा झपाट्याने वाढते, त्यामुळे दारू झटपट जळली तरी चालते. १९०६ च्या .३०-०६ मध्ये त्याहून अरुंद नळीमागे मोठी पुंगळी आहे. तिला मध्यम गतीची दारू हवी. १९२५ मध्ये विंचेस्टरने जवळपास तीच पुंगळी मानेशी आवळून .२७० काढले. आता दारू जवळपास तेवढीच, पण वाट आणखी अरुंद. झटपट जळणारी दारू इथे गोळी हलते न हलते तोच दाब शिगेला नेईल. सावकाश जळणारी दारू गोळीला नळीच्या टोकापर्यंत रेटत नेते. गोळी जड घ्यावी तशी दारू आणखी सावकाश हवी. एवढे सूत्र पक्के डोक्यात बसले की दारूच्या गतीचा तक्ता आपोआप वाचता येतो.

ही गती दाण्यात बसवण्याचे काम मुख्यतः ड्यूपाँटने केले. मक्तेदारीच्या खटल्यानंतर १९१२ मध्ये ड्यूपाँट कंपनीचे तुकडे पडले. हर्क्युलीस आणि ॲटलस वेगळ्या झाल्या, लष्करी रायफलीची दारू ड्यूपाँटकडेच राहिली. दाण्याला आरपार भोक पाडायचे, वर जळण्याला आवर घालणारा लेप द्यायचा, अशा युक्त्यांतून ‘इम्प्रूव्ह्ड मिलिटरी रायफल’, म्हणजे आयएमआर मालिका आकाराला आली. नावातच लष्कर आहे. ३०३१ आणि ४०६४ त्यातल्याच. ४८९५ तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या गॅरंड रायफलीच्या काडतुसांत गेली. १९३० च्या दशकात वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेन यांनी गोल दाण्यांची दारू काढली, ती वेगळ्या वाटेने. तिच्यासाठी पहिल्या महायुद्धातली पडून राहिलेली दारूही कच्चा माल म्हणून चालत होती.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा सरकारी गोदामांत दारूचे डोंगर होते. पहिल्या महायुद्धानंतर असा साठा जाळून टाकला होता, हे कॅन्सासमधल्या ब्रूस हॉजडन यांच्या कानावर होते. ते एका गॅस कंपनीत विक्रेते होते. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून त्यांनी ५०,००० पौंड ४८९५ विकत घेतली आणि भाड्याच्या कुरणात, रेल्वेच्या जुन्या डब्यात ठेवली. संध्याकाळी घरी आले की सगळे कुटुंब दारू तोलून डब्यांत भरी आणि हाताने लेबले चिकटवी. पौंडाला पाऊण डॉलर हा भाव नुकत्याच घरी परतलेल्या सैनिकांना परवडणारा होता. मला हा प्रसंग या साऱ्या इतिहासाचा कणा वाटतो: शिकाऱ्याला चांगली दारू स्वस्तात मिळाली ती कोणत्या प्रयोगशाळेमुळे नव्हे, एका माणसाने साठा जळू दिला नाही म्हणून. गोळ्यांचेही तेच झाले. कॅलिफोर्नियात ओरोव्हिल इथे फ्रेड हंटिंग्टन .२२ च्या झाडलेल्या पुंगळ्यांपासून गोळीचे आवरण करणारे साचे विकत होते. काडतुसे भरायची अवजारे करणाऱ्या त्यांच्या आरसीबीएस कंपनीची सुरुवात तिथली.

पाठोपाठ हॉजडन यांच्या हाती ४८३१ लागली. ही २० मिलिमीटर तोफेची दारू, अत्यंत सावकाश जळणारी. लष्कराला आता नको होती. पण .२७० ला, आणि पंचवीस वर्षे हौशी लोक घरीच घडवत आलेल्या .२५-०६ ला, नेमकी अशीच दारू हवी होती. तोफेची उरलेली दारू हरणाच्या रायफलीत इतकी चपखल बसेल, हे कोणी आखले नव्हते.

साठा कधीतरी संपणारच होता. तो संपल्यावर हॉजडन यांनी तशीच दारू स्कॉटलंडमध्ये नव्याने बनवून घेतली. १९७० च्या दशकात ड्यूपाँटनेही आपली ४८३१ किरकोळ बाजारात आणली, आणि ती हॉजडनच्या ४८३१ पेक्षा जरा वेगाने जळते. डब्यावर आकडा तोच, आत माल वेगळा. हॉजडनच्या दारूच्या तक्त्यातले कमाल वजन ड्यूपाँटच्या दारूचे घातले तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. म्हणूनच ‘एच’ (हॉजडन) आणि ‘आयएमआर’ (ड्यूपाँटची मालिका) या आद्याक्षरांना आकड्याइतकेच वजन आहे, आणि आजही दर पुस्तिकेत त्याबद्दल ताकीद असते.

साठ्याच्या दारूची आणखी एक अडचण होती. काडतुसांच्या कारखान्यात दारूचा दर लॉट (एका वेळी बनलेला माल) चाचणीच्या नळीत झाडून दाब मोजतात आणि वजन त्याप्रमाणे बदलतात. घरच्या टेबलावर ती सोय नाही. म्हणून किरकोळ विक्रीच्या डब्यांतली दारू वेगवेगळे लॉट मिसळून ठरलेल्या गतीवर आणावी लागते. तरीही नवा लॉट उघडला की कमी वजनापासून पुन्हा वर चढत जायचे, ही शिस्त जाणकार पाळतातच.

कॉर्डाइटच्या काळातला उन्हाचा प्रश्न पुढे ऑस्ट्रेलियात बऱ्याच अंशी सुटला. न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला इथल्या लष्करी कारखान्यात हॉजडनसाठी तापमानाला फारशी न बधणारी दारू तयार होऊ लागली. आजची एच ४८३१ तिथली आहे. ऑस्ट्रेलियातल्या दुकानात तिचे नाव एआर २२१३. आणि २००३ मध्ये हॉजडन कंपनीने आयएमआर कंपनीच विकत घेतली, तेव्हा दोन्ही ४८३१ एकाच मालकाच्या झाल्या. आद्याक्षरे मात्र वेगळीच ठेवली गेली.