तापीत शार्क येईल का?

पडद्यावर शार्कचा पर दिसला आणि अकरा वर्षांच्या भाच्याने बाजेवरून लोंबणारे पाय झटकन वर ओढून घेतले. बाजेखाली शहाबादी फरशी, तिच्यावर पेंगणारं मांजर. सारंगखेड्यातल्या त्या घरापासून समुद्र दोन जिल्हे ओलांडून. पण भीतीला नकाशा कळत नाही. समोरचं खरं की खोटं याचा मेंदूत निवाडा होण्याआधीच अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याचा इशारा देऊन मोकळा होतो. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, पाय वर जातात. माझ्या हातातले मुरमुरे सांडले, ते मी कुणाला सांगितलं नाही.

सिनेमात पुढे नायिकेच्या पायाचं थेंबभर रक्त पाण्यात पडतं आणि मैलभरावरचा शार्क वळतो. ही शुद्ध थाप. शार्कचं नाक तिखट असतं, पण वास पाण्याबरोबर वाहत नाकापर्यंत पोचावा लागतो. शार्क प्रवाहाच्या वरच्या अंगाला असेल तर त्याला पत्ताही लागायचा नाही.

सिनेमा संपला तसा प्रश्न आला, "मामा, आपली तापीमा येई का हाऊ?"

हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही. बहुतेक शार्क नदीत तग धरत नाहीत, याचं कारण मीठ. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं. हरभरे साध्या पाण्यात टाकले की फुगतात. जिकडे क्षार जास्त तिकडे पाणी धावतं. समुद्राने आपल्या अंगातलं पाणी शोषून घेऊ नये म्हणून शार्क रक्तात भरपूर युरिया साठवून ठेवतो. हो, तोच. कपाशीला टाकतो त्या गोणीतला. आपण जो लघवीवाटे टाकून देतो, तो याच्या अंगात मुरवलेला असतो. कोकणात मुशी, म्हणजे खायचा लहान शार्क, नीट धुतली नाही किंवा शिळी झाली की भपकारा येतो, तो याच युरियापासून झालेल्या अमोनियाचा. आता असा खारवलेला प्राणी गोड्या पाण्यात सोडा. त्याचा हरभरा होतो. चहूकडून पाणी अंगात घुसू लागतं.

बुल शार्कने मात्र यावर तोड काढली आहे. नदीत शिरला की तो रक्तातला युरिया निम्म्याच्या आसपास उतरवतो. जास्तीचं मीठ बाहेर टाकणारी आतड्याच्या शेवटची ग्रंथी जवळपास बंद ठेवतो. मूत्रपिंडं पातळ लघवी भराभर बाहेर काढत राहतात आणि कल्ले नदीतला तुटपुंजा क्षार टिपून घेतात. एवढा खटाटोप कशासाठी? मुख्यतः पिल्लांसाठी. माद्या नदीच्या मुखाजवळ वितात आणि पिल्लं पहिली काही वर्षं नदीतच काढतात, कारण त्यांना गिळणारे मोठे शार्क तिथे फारसे फिरकत नाहीत.

हा मासा अ‍ॅमेझॉन नदीतून साडेतीन हजार किलोमीटरांहून आत, पार पेरू देशापर्यंत गेल्याची नोंद आहे. 1937 मध्ये मिसिसिपी नदीत अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या आल्टन गावाजवळ एक सापडला होता. लांब कशाला, फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुणाचा पाय तोडला. आमची तापी मुलताईपासून समुद्रापर्यंत सगळी मिळून 724 किलोमीटर. नुसतं अंतर पाहिलं तर बुल शार्कला भुसावळही काही लांब नाही!

भाच्याचा चेहरा उतरला, म्हणून घाईने बंधारे मोजले. समुद्राकडून निघालं की आधी सुरतेचा सिंगणपोर बंधारा, मग काकरापार, मग उकाई, मग प्रकाशा आणि शेवटी आपल्या गावचा. पोरगं वस्ताद. म्हणालं, "पण पुरात दरवाजे उघडतात ना?"

उघडतात. पावसाळ्यात आमच्या बॅरेजचे दरवाजे वर गेले की मासे इकडचे तिकडे होतात, हे नदीकाठच्या कुणालाही ठाऊक आहे. पण 1972 मध्ये पूर्ण झालेलं उकाई धरण आहे सुमारे 80 मीटर उंच. त्याच्या दरवाजांतून पाणी उतारावरून कोसळत खाली येतं. त्या धबधब्यावर चढून येणं कुठल्याही शार्कच्या आवाक्यातलं नाही. सिंगणपोरच्या खाली मात्र भरतीचं पाणी रोज चढतं. तेवढ्या पट्ट्यात समुद्रातून आत यायला त्याला कुणी अडवणारं नाही.

हे ऐकून भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग आईचा मोबाइल उचलून म्हणाला, "सुरतला उधन्याच्या मावशीला फोन लावू का?"

रात्रीचे साडेबारा वाजले होते.