लघु केंद्रिकीय आरएनए (स्नोआरएनए)

प्रथिनाचा संकेत न वाहणाऱ्या आणि साधारणतः ६० ते ३०० न्यूक्लिओटाइड (आरएनएचे घटक) लांबीच्या स्नोआरएनए रेणूंचे मुख्य कार्य म्हणजे दुसऱ्या आरएनएवर नेमक्या कोणत्या जागी रासायनिक बदल व्हावा हे ठरवून देणे. दृश्यकेंद्रकी पेशींच्या केंद्रिकेत, जिथे रायबोसोमच्या (प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) घटकांची जुळणी होते, तिथे ते विपुल आढळतात. बदल प्रत्यक्षात घडवते ते सोबतचे विकर. स्नोआरएनए लक्ष्य आरएनएशी पूरक जोड्या जमवून जागा दाखवतो. त्यामुळे मार्गदर्शक रेणू बदलला की तेच विकर दुसऱ्या जागी काम करू शकते. मानवी रायबोसोमी आरएनएमध्ये मिथिल गट जोडणे आणि स्यूडोयुरिडीन बनवणे या दोन्ही प्रकारच्या बदलांच्या जागा प्रत्येकी सुमारे १०० असल्याने ही काटकसर फार मोलाची ठरते.

स्नोआरएनएची दोन मुख्य कुले आहेत. सी/डी कुलातील रेणू रायबोज शर्करेच्या २' स्थानी मिथिल गट जोडण्यासाठी मार्गदर्शन करतात आणि त्यांच्यासोबतचे विकर फायब्रिलारिन हे असते. इथला नियम कमालीचा काटेकोर आहे: डी पेटीच्या, म्हणजे 'सीयूजीए' या अनुक्रमाच्या, अलीकडील पाचव्या न्यूक्लिओटाइडसमोर लक्ष्य आरएनएचे जे न्यूक्लिओटाइड येते, त्यालाच मिथिल गट लागतो. एच/एसीए कुलातील रेणू युरिडीनचे स्यूडोयुरिडीनमध्ये रूपांतर घडवून आणतात. त्यात डिस्केरिन हे विकर युरॅसिल सोडवून, फिरवून, नायट्रोजनऐवजी कार्बनद्वारे शर्करेला पुन्हा जोडते. ही मार्गदर्शक भूमिका १९९६–९७ च्या सुमारास स्पष्ट झाली. यू३ सारखे काही स्नोआरएनए मात्र बदल न घडवता रायबोसोमी आरएनएच्या पूर्वगामी, लांब रेणूच्या छेदनासाठी लागतात.

पृष्ठवंशीयांत बहुतेक स्नोआरएनए इतर जनुकांच्या इंट्रॉनमधून (आरएनएतून कापून काढल्या जाणाऱ्या भागांतून) निघतात. जीएएस५ या जनुकाची गोष्ट विशेष लक्षणीय आहे, कारण त्याच्या एक्झॉनपासून (आरएनएत टिकून राहणाऱ्या भागांपासून) प्रथिन तयार होत नाही, उलट एरवी टाकाऊ समजल्या जाणाऱ्या इंट्रॉनमध्येच अनेक स्नोआरएनए असतात. आर्किया या केंद्रकहीन एकपेशीय जीवांतही असेच मार्गदर्शक आरएनए सापडत असल्याने ही यंत्रणा अतिप्राचीन असावी; जीवाणूंमध्ये मात्र विकरे स्वतःच आपली जागा ओळखतात.

डिस्केरिनच्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे जन्मजात डिस्केराटोसिस हा विकार होतो, परंतु हे विकर टेलोमरेजमध्येही (गुणसूत्रांची टोके राखणाऱ्या विकरसंकुलात) असल्याने त्याचा सारा दोष स्यूडोयुरिडीनवर टाकता येत नाही. ज्यांचे लक्ष्य ज्ञात नाही अशा 'अनाथ' स्नोआरएनएंपैकी एसएनओआरडी११६ समूह वडिलांकडून आलेल्या १५व्या गुणसूत्रावरून नाहीसा झाल्यास प्राडर-विली संलक्षण या आनुवंशिक विकाराची, त्यातही न शमणाऱ्या भुकेची, प्रमुख लक्षणे दिसतात.